नुक्ता, वाचक आणि यंत्र : बिननुक्त्याच्या अरबी लेखनाचा इतिहास

इंटरनेटवरील मजकुरातून शिव्या, अश्लील शब्द व आक्षेपार्ह उल्लेख वगळण्यासाठी जी यंत्रणा वापरतात तिला सर्वसाधारणपणे फिल्टर म्हटले जाते. तिचे सर्वांत साधे रूप म्हणजे शब्दांची एक यादी. यादीतील अक्षरक्रम मजकुरात सापडला की मजकूर अडवायचा, एवढेच तिचे काम. अक्षरांमागचा अर्थ तिला कळत नाही. १९९६ मध्ये इंग्लंडमधील स्कन्थॉर्प या गावच्या रहिवाशांना अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या सेवेत नाव नोंदवता येईना, कारण त्यांच्या गावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक शिवी दडलेली होती. तेव्हापासून अशा घोटाळ्याला त्या गावाचेच नाव पडले आहे.

निरपराध शब्द जसे अडकतात, तसे यादीतले शब्द निसटतातही. त्यासाठी प्रत्येक भाषा आपापल्या रचनेतली फट वापरते. इंग्रजीत अक्षराच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा अंक घातला जातो. चिनी भाषेत एकाच उच्चाराचे, केवळ सुरात फरक असलेले शब्द विपुल असल्यामुळे तेथे ध्वनीचा आधार घेतला जातो. २००९ मध्ये चीनमध्ये लोकप्रिय झालेला 'गवत-चिखल-घोडा' हा काल्पनिक प्राणी म्हणजे सूर बदलून म्हटलेली आईवरची शिवीच होती. अरबीत मात्र ही फट लिपीच्या आकारात आहे आणि तिला जवळजवळ चौदाशे वर्षांचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

मे २०२१ मध्ये जेरुसलेममधील शेख जर्राह वस्तीतील पॅलेस्टिनी कुटुंबांच्या निष्कासनाचा प्रश्न आणि अल्-अक्सा मशिदीच्या आवारातील पोलीस कारवाई यांवरून संघर्ष पेटला. त्या दिवसांत फेसबुक व इन्स्टाग्रामवरून अरबी मजकूर मोठ्या प्रमाणावर काढला जात असल्याच्या तक्रारी होऊ लागल्या. तेव्हा अनेकांनी एक युक्ती अवलंबिली. त्यांनी अरबी अक्षरांवरचे नुक्ते काढून टाकले. मजकूर तोच, शब्द तेच; फक्त बिंदू नाहीत. तसे रूपांतर करून देणारी संगणकीय साधनेही लवकरच उपलब्ध झाली. यात 'नून'ऐवजी अनेकदा जे अक्षर वापरले गेले ते मूळ अरबी नाहीच. ते आपल्या उर्दूतील 'नून गुन्ना' आहे.

अरबी वर्णमालेतील २८ अक्षरांपैकी १५ नुक्तेदार आहेत आणि १३ बिननुक्त्याची. नुक्ते काढले की बे, ते, से, नून व ये ही पाच अक्षरे शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये अगदी एकसारखी, एका दात्यासारखी दिसतात. 'बैत' (घर), 'बिंत' (मुलगी), 'नबत' (उगवले) आणि 'सबत' (स्थिर झाले) या चारही शब्दांची आकृती मग एकच होते. अरबी जाणणारा वाचक तरीही अडत नाही, कारण व्याकरण त्याच्या मदतीला येते. बिंत स्त्रीलिंगी, बैत पुल्लिंगी. सोबतच्या विशेषणाला लागणारा स्त्रीलिंगी प्रत्यय नुक्ते उतरवल्यावरही डोळ्यांना दिसतो. वाक्यात क्रियापद कोठे हवे आणि नाम कोठे, हे त्याला ठाऊकच असते. यंत्राच्या दृष्टीने मात्र नुक्तेदार बे आणि बिननुक्त्याची बे ही दोन स्वतंत्र संकेतांकांची दोन वेगळी अक्षरे आहेत. यादीतला शब्द त्याला सापडतच नाही.

या युक्तीचे वर्णन 'प्राचीन लिपीकडे परतणे' असे केले गेले. ते अर्धेच खरे आहे. आरंभीच्या काळात अरबी बहुतांशी बिननुक्त्याचीच लिहिली जाई हे निश्चित. परंतु नुक्ते तेव्हा मुळीच नव्हते, हा समज टिकत नाही. व्हिएन्ना येथे जतन केलेल्या हि. २२ (इ.स. ६४३) च्या पपायरसावर, म्हणजे इजिप्तमध्ये मेंढ्या ताब्यात घेतल्याबद्दल दिलेल्या अरबी-ग्रीक द्विभाषिक पावतीवर, काही अक्षरांना नुक्ते स्पष्टपणे दिलेले आहेत. लेखकांना साधन माहीत होते. ते सर्वत्र वापरण्याची गरज त्यांना वाटत नव्हती. लेखन हे बव्हंशी आधीच ज्ञात असलेल्या मजकुराचे स्मरण करून देण्यासाठी होते. कुरआन तर मुखोद्गत होता.

गरज निर्माण झाली ती वाचकवर्ग बदलल्यामुळे. इराक, इराण, सीरिया व इजिप्त येथील असंख्य बिगर-अरब लोक इस्लाममध्ये आले आणि अरबी ही त्यांची शिकलेली भाषा ठरली. परंपरेनुसार अबुल अस्वद अद्-दुअली (मृत्यू हि. ६९) यांनी एकाला सूरह तौबाच्या तिसऱ्या आयतीत 'रसूलुहू'ऐवजी 'रसूलिही' असे पठण करताना ऐकले. एका स्वराच्या फरकाने कर्त्याचा संबंध बदलला आणि अर्थाचा भयंकर विपर्यास झाला. यावर उपाय म्हणून त्यांनी वेगळ्या रंगाच्या बिंदूंनी अंत्यस्वर दाखविण्यास सुरुवात केली, असे सांगितले जाते. पुढे इराकचा सुभेदार हज्जाज बिन यूसुफ याच्या कारकिर्दीत (इ.स. ६९४-७१४) अक्षरांचे नुक्ते नियमबद्ध केल्याचे श्रेय नस्र बिन आसिम व यह्या बिन यअमर यांना दिले जाते. खलील बिन अहमद यांनी आठव्या शतकात आजच्या जेर-जबर-पेश या चिन्हांना रूप दिले. या कथांतील तपशिलांविषयी मतभेद आहेत. पण सर्व कथांचा रोख एकाच दिशेने आहे : नुक्ते आणि स्वरचिन्हे भाषेला परक्या असलेल्या वाचकासाठी आली.

नुक्त्याच्या चुकीने होणाऱ्या अपपाठाला अरबीत 'तस्हीफ' म्हणतात. हमजा अल्-इस्फहानी आणि अबू अहमद अल्-अस्करी यांनी दहाव्या शतकात या विषयावर स्वतंत्र ग्रंथ रचले, इतका तो गंभीर मानला गेला. मदीनेतील काही गायकांची 'गणना करा' असा खलिफाचा हुकूम होता; 'हे' अक्षरावर कोठून तरी एक बिंदू पडला, तिची 'खे' झाली आणि हुकमाचा अर्थ 'खच्ची करा' असा झाला, ही कथा अदबच्या ग्रंथांत आढळते. ती घडली असेलच असे नाही. एका बिंदूचा धाक मात्र तीत पुरेपूर उतरला आहे.

याच्या अगदी उलट शिष्टाचार अब्बासी काळातील कातिबांमध्ये होता. पत्रात फार नुक्ते देणे म्हणजे वाचणाऱ्याच्या विद्वत्तेवर शंका घेणे, असे ते समजत. फारसी शिकस्ता लिहिणाऱ्या मुनशींनीही नुक्त्यांची काटकसर केली. आपल्याकडे मोडी लिहिणारे कारकून ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नसत आणि तरी दफ्तरातल्या दुसऱ्या कारकुनाचे काही अडत नसे. जाणकाराने जाणकारासाठी लिहावे, अशी ती रीत होती.

येथे आणखी एका परंपरेचा उल्लेख आवश्यक आहे, कारण तिची व २०२१ च्या युक्तीची अनेकदा गल्लत होते. ती म्हणजे बिननुक्त्याचीच अक्षरे असलेले शब्द निवडून लिहिण्याची. हरीरी (मृत्यू इ.स. ११२२) याच्या मकामातील समरकंदच्या प्रकरणात असा एक संपूर्ण खुतबा आहे. अकबराच्या दरबारातील फैजीने तर 'सवातिउल इल्हाम' ही कुरआनची अख्खी तफसीर या बंधनात लिहिली. ती १५९३ मध्ये पूर्ण झाली. त्याआधी १५९१ मध्ये फैजी अकबराचा वकील म्हणून खानदेश आणि अहमदनगरच्या निजामशाही दरबारात आला होता, हे दख्खनच्या अभ्यासकांना ठाऊक आहेच. या बंधनाची अडचण मुख्यतः व्याकरणाची आहे. अरबीत चालू काळाच्या क्रियापदांना आरंभी ये, ते किंवा नून लागतो. एक प्रथमपुरुषी एकवचन तेवढे सुटते. 'फी' (मध्ये), 'मिन' (पासून), 'बि' (ने) ही नित्याची अव्ययेही वर्ज्य ठरतात. लेखकाला भूतकाळ, धातुसाधित नामे आणि 'ला', 'अला', 'इला' यांवरच भागवावे लागते. आक्षेप घेणाऱ्यांना फैजीने, कलिमा तय्यिबातही एकही नुक्तेदार अक्षर नाही, असे उत्तर दिल्याचे सांगतात. ते कोणालाही पडताळून पाहता येईल. ही मात्र पांडित्याची कसरत होती. तीत लपविण्यासारखे काही नव्हते.

२०२१ चे लेखन यापेक्षा कातिबांच्या पत्रांना जवळचे आहे. नुक्ते ज्याच्यासाठी आले तो परका वाचक आता यंत्राच्या रूपाने समोर उभा होता आणि त्यालाच बाहेर ठेवण्यासाठी ते उतरवले गेले. अर्थात त्याच्याबरोबर इतरही बाहेर राहिले : अरबी शिकणारी मुले, अंधांसाठी मजकूर वाचून दाखविणारी साधने, आणि उर्दूच्या बळावर अरबी अक्षरे लावणारे आपल्यासारखे लोक. शिवाय ही वाट द्वेष पसरविणाऱ्यालाही तितकीच मोकळी आहे.

परक्या वाचकाच्या हाती काय होऊ शकते हे त्यापूर्वीच दिसले होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये एका पॅलेस्टिनी बांधकाम मजुराने बुलडोझरजवळचे आपले छायाचित्र फेसबुकवर टाकून त्याखाली अरबीत सुप्रभात अशा अर्थाचे शब्द लिहिले. फेसबुकच्या यांत्रिक भाषांतराने त्याचे हिब्रूत 'त्यांच्यावर हल्ला करा' असे केले. इस्रायली पोलिसांनी त्याला अटक केली आणि चूक लक्षात आल्यावर काही तासांनी सोडले. जुन्या ग्रंथकारांच्या यादीत शोभावी अशी ही तस्हीफ. फरक एवढाच की ती येथे खरोखर घडली.

फिल्टरवाल्यांना यावर प्रत्युपाय सोपा आहे : आपल्या यादीचेही नुक्ते उतरवायचे. पण मग घर, मुलगी, उगवणे आणि स्थिर होणे पुन्हा एकाच आकृतीत मिसळतात आणि एका बंदी घातलेल्या शब्दाबरोबर त्याच्यासारखे दिसणारे निरपराध शब्दही पकडले जातात. संदर्भ पाहणाऱ्या नव्या प्रणाली या बाबतीत अधिक सक्षम आहेत. परंतु कोणता मजकूर काढावा याचे नियम त्या ठरवत नाहीत. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने नेमलेल्या बीएसआर या सल्लागार संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये अहवाल दिला. मे २०२१ च्या काळात अरबी मजकुरावर प्रमाणाबाहेर कारवाई झाली, हिब्रूवर तुलनेने कमी, असे त्यात नोंदले आहे. अल्-अक्साचा हॅशटॅग रोखला गेला तो, एका कंत्राटी कर्मचाऱ्याने अमेरिकी अर्थखात्याच्या यादीतील एका सशस्त्र गटाच्या नावावरून तो शब्द उचलल्यामुळे, हेही त्यात आहे. म्हणजे मशिदीचे नाव स्कन्थॉर्पच्याच न्यायाने अडकले.

'शहीद' या शब्दाची कथा अधिक लांबली. मेटाच्या निरीक्षण मंडळाने २६ मार्च २०२४ रोजी दिलेल्या मतानुसार, कंपनीच्या व्यासपीठांवर अन्य कोणत्याही एका शब्दापेक्षा या शब्दामुळे अधिक मजकूर काढला गेला होता. या शब्दाला अरबीत अनेक अर्थ आहेत, आणि अपघातात वा हल्ल्यात बळी पडलेल्यांनाही तो लावला जातो, याकडे मंडळाने लक्ष वेधले. सीमेवर धारातीर्थी पडलेल्या जवानासाठी मराठी वृत्तपत्रे हाच शब्द वापरतात. जुलै २०२४ मध्ये कंपनीने सरसकट बंदी उठविण्याचे मान्य केले. हिंसेची अन्य चिन्हे सोबत असतील तरच मजकूर काढावा, असे ठरले.