शक्कल, अक्कल आणि एक दोरी

"मामा, शक्ल लढवतात कशी?"

इंदूरची भाची सुट्टीत पुण्याला आली की असली कोडी घालते. घरात मराठी, शाळेत हिंदी. आम्ही फरशीवर फतकल मारून काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे जोडत बसलो होतो. तिचा चौकोन सारखा लुळा पडत होता, म्हणून मी म्हणालो, "जरा शक्कल लढव." तिच्या डोळ्यांपुढे दोन चेहरे एकमेकांना टकरा देताना आले असणार.

चूक तिची नव्हती. शब्द मुळात एकच. अरबी 'शक्ल' म्हणजे आकार, रूप. मराठीला असली जोडाक्षरं जिभेवर जड जातात, म्हणून तिने अक्लची अक्कल केली, नक्लची नक्कल, अस्लचं अस्सल. बाकीच्यांचे अर्थ साधारण जागेवर राहिले. शक्ल मात्र वाटेत फुटली: हिंदीने चेहरा ठेवून घेतला, आपण डोकं. 'शक्ल'ला 'तऱ्हा, रीत' अशीही एक छटा आहे. 'अमुक तऱ्हेने करून बघ' यातून 'युक्ती' हा अर्थ निघाला असावा, असा माझा अंदाज. लढवणं मात्र अस्सल आपलं. आपण पतंग लढवतो, कोंबडे लढवतो, निवडणूक लढवतो आणि शक्कलही.

गंमत पुढेच आहे. ज्या धातूपासून शक्ल आली, त्याच धातूचा 'शिकाल' म्हणजे घोड्याच्या पायात घालायचं बंधन. आणि अक्कल ज्या 'अक्ल'वरून आली, तिच्या घराण्यातला 'इकाल' म्हणजे उंटाचा गुडघा बांधायची दोरी. मनाला बांधून ठेवते ती अक्कल, असं अरबी कोशकार सांगत आले आहेत. शिवाय 'मुश्कील' हीसुद्धा शक्लचीच सख्खी बहीण. म्हणजे अडचण आणि तिच्यावरची शक्कल एकाच घरात वाढल्या. ज्याने कधी दोन बाय दोनच्या मोरीत वॉशिंग मशीन बसवलंय, त्याला हे नातं कोशात बघावं लागणार नाही.

ही दोरी मला एका कपाटात अक्षरशः दिसली. टेयो रेमी या डच डिझायनरने १९९१ साली ठिकठिकाणचे टाकून दिलेले खण गोळा केले, प्रत्येकाला साधी लाकडी चौकट केली, ते वेडेवाकडे एकमेकांवर रचले आणि भोवती एक पट्टा आवळला. झालं कपाट! कुठला खण तिरका, कुठला पुढे आलेला. पट्टा सोडला तर सगळा पसारा. याला मराठीत 'तरकीब' म्हणावं, कारण अरबी 'तरकीब'चा मूळ अर्थच एकावर एक चढवणं, जुळणी करणं. घोड्यावर चढताना पाय ठेवायची ती 'रिकीब' याच कुळातली. ('जुगाड' म्हणू नका. व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी त्या बिचाऱ्या शब्दाला कोट-टाय चढवल्यापासून तो माझ्या मनातून उतरलाय.)

शकलेचा जुना अर्थ पाहायचा तर क्रिस्टोफ नीमन. हा जर्मन चित्रकार कोऱ्या कागदावर घरातली एखादी वस्तू ठेवतो आणि उरलेलं चित्र तिच्याभोवती काढतो. एका चित्रात त्याने दोन केळी ठेवली आणि शाईने घोड्याचा पुढचा भाग काढला. केळी झाली घोड्याचा मागचा भाग आणि मागचे पाय. केळ्याचा बाक तोच, देठही तसंच. त्याने बदललं काहीच नाही, फक्त केळ्याच्या शक्लीत दडलेली शक्कल ओळखली. एकदा ते चित्र पाहिलं की फळवाल्याच्या गाडीवर घोडेच घोडे दिसतात, हा त्याचा तोटा.

आपली 'युक्ती' संस्कृत 'युज्' धातूची, म्हणजे जोडण्याची. 'युक्ती योजली' असं म्हणताना आपण तोच धातू दोनदा वापरतो. पिकासोने १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल एवढंच जोडून बैलाचं डोकं केलं. सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगं. त्याहून स्वस्त युक्ती आमच्या फरशीवर पसरली होती. अरविंद गुप्ता यांनी काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबचा हा खेळ मुलांच्या हाती दिला. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान केंद्रात त्यांनी कचऱ्यातून खेळणी करण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. नळीच्या तुकड्यात दोन्हीकडून काडी खुपसली की झाला सांधा. तिसरी काडी हवी? नळीच्या मध्यावर सुईने भोक पाडायचं आणि तीही आत सारायची. रबर काडीला घट्ट धरतं, तरी वाकू देतं.

आणि 'क्लृप्ती'? लिहायला सर्वात अवघड आणि कुळाने सर्वात मजेशीर. ती आणि 'कल्पना' एकाच 'क्लृप्' धातूच्या. नीट लावणं, घडवणं हा धातूचा अर्थ, पण कापणं-छाटणं हीसुद्धा त्याची जुनी छटा. संस्कृत कोशात 'कल्पनी' म्हणजे कात्री आणि 'कल्पक' म्हणजे न्हावी! आपण ज्या तरुण डिझायनरला कौतुकाने 'कल्पक' म्हणतो, त्याने हे मनावर घेऊ नये. चित्रकार हेन्री मातिसने तर नक्कीच घेतलं नसतं. १९४१ साली पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली, ईझलपुढे उभं राहणं अवघड होऊन बसलं, तेव्हा त्याने चाकाच्या खुर्चीत नाहीतर अंथरुणात बसून कात्री हातात घेतली. मदतनीस कागद रंगवून देत, हा त्यातून पानं, पक्षी, माणसं कापून काढी. शिकाल शरीराला पडला आणि कल्पनी चालू लागली. तो नुसता पूर्वीसारखा ब्रश चालवत राहिला असता तर ही कातरलेली चित्रं झाली असती का, मला शंका आहे.

'आयडियाची कल्पना' या शब्दप्रयोगाला आपण द्विरुक्ती म्हणून हसतो. पण ग्रीक 'इदेआ' म्हणजे दिसणारं रूप. 'पाहणं' या क्रियापदाचं ते लेकरू आणि आपल्या 'विद्'चं लांबचं नातलग. म्हणजे तीही शक्लच. आणि कल्पना म्हणजे कातरून घडवणं. तेव्हा 'आयडियाची कल्पना' म्हणजे रूप कापून काढणं. मातिस दुसरं काय करत होता?

हे सगळं भाचीला सांगून होईपर्यंत तिने ऐकणं केव्हाच सोडलं होतं. चौकोनाच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या नळ्यांना सुईने भोकं पाडून तिने तिरपी काडी घालायला घेतली. काडी आखूड पडली. मग पेटीतल्या काड्या सोडून तिने उदबत्तीची काडी आणली, मापाने मोडली आणि दोन्ही टोकं भोकांत सारली. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले. तिने तो उभा केला, वरून बोट दाबून पाहिलं. हलला नाही.

"लढली," ती म्हणाली, आणि दुसऱ्या काडीसाठी देवघराकडे पळाली.