बेने इस्राएल आणि सियोनचें बोलावणें

शाळेंत निजामशाही शिकवितांना मी नकाशावर बोट ठेवून विचारीत असें, आपल्या नगरच्या राज्याचें बंदर कोणतें? चौल. त्या चौल-अलिबागच्या खेड्यांतून तेलाचे घाणे चालविणारी, पण शनिवारीं घाणा बंद ठेवणारी एक जमात पिढ्यान् पिढ्या नांदत आली. लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. ते स्वतःस बेने इस्राएल म्हणवीत. बोली मराठी, आडनांवें गांवावरून, किहीमचे ते केहीमकर, पेणचे ते पेणकर. प्रार्थनेंत मात्र स्मरण यरुशलेमचें. तुमचें राष्ट्र कोणतें, असें त्यांना कोणी विचारलें नव्हतें.

तो प्रश्न १८९७ सालीं आला. ज्यू हें एक राष्ट्र आहे, त्याला स्वतःची भूमि हवी, असें प्रतिपादून हर्झल यांनीं बाझल येथें सियोनवाद्यांची पहिली परिषद भरविली. मुंबईच्या बेने इस्राएलांनीं तिचें निमंत्रण नाकारलें. सियोनला परत नेणें हें ईश्वराच्या हातचें, परिषदेच्या नव्हे, अशी त्यांची श्रद्धा. याला कोणी भोळेपणा म्हणेल. मी म्हणणार नाहीं. शेजाऱ्यांनीं ज्यांना कधीं छळलें नाहीं, त्यांना निघण्याची घाई कां असावी?

पुढें मतें फुटलीं. १९२० मध्यें मुंबईंत सियोनवादी संघ निघाला. त्यांत पुढाकार मुख्यतः बगदादी ज्यूंचा. उलट डॉ. अब्राहाम एरुलकर यांच्यासारखे बेने इस्राएल गांधीजींच्या उपोषणांत त्यांची नाडी पाहत बसले होते. त्याच गांधीजींनीं २६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मध्यें लिहिलें कीं, ज्यूंविषयीं सहानुभूति आहे, परंतु पॅलेस्टाईन अरबांचें, जर्मनींतील ज्यूंनीं सत्याग्रह करावा. अरबांच्या घरादाराचा विचार त्यांनीं केला, तो योग्यच. पण त्याच महिन्यांत जर्मनींत सिनेगॉग जळत होते. तो उपदेश मला आजवर पचलेला नाहीं.

१९४८ मध्यें इस्राएल स्थापन झालें आणि बेने इस्राएल हजारोंनीं तिकडे गेले. तेथें घरें व कामें देतांना भेदभाव होतो म्हणून कांहींनीं धरणें धरलें. १९५२ मध्यें कांहीं जण परतही आले. १९६२ सालीं तर धर्मपीठानें त्यांच्या विवाहांपूर्वीं आईकडील वंशाची चौकशी सांगितली! कोंकणांत ज्यांच्या ज्यूपणाविषयीं तेलाच्या गिऱ्हाइकालाही शंका नव्हती, त्यांना तें सियोनमध्यें सिद्ध करावें लागलें. मोठा झगडा झाला, तेव्हां १९६४ मध्यें तो नियम बदलला.

आज त्यांतले बहुतेक तिकडेच आहेत. तेथून त्यांनीं एक मराठी नियतकालिक काढलें. नांव ठेवलें, ‘मायबोली’.