तळटीप १४ : मुदतखरेदी

१४. मुदतखरेदी : कागदावर विक्री, व्यवहारात गहाण. ठरल्या मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत, नाहीतर सावकाराची. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील (१८८२) १९२९च्या दुरुस्तीने, परतीची अट त्याच दस्तात असेल तरच असा व्यवहार गहाण ठरतो. तोंडी वचनावर विसंबलेल्या कुणब्याचा घात इथेच. मुंबई इलाख्यात दख्खन शेतकरी कायद्याच्या कलम १०-अ ने न्यायालयाला कागदामागचा खरा व्यवहार तपासता येई. इंग्लंडची न्यायालयेही हेतू पाहत. फ्रेंच संहितेत मात्र ही विक्रीच, जमीन सोडवण्याची कमाल मुदत ५ वर्षे.