टॉन्सिल कापण्याची साथ

अमेरिकन चाइल्ड हेल्थ असोसिएशनने न्यूयॉर्कच्या शाळांतली अकरा वर्षांची हजार मुलं तपासली. 1934 साली प्रसिद्ध झालेले त्या पाहणीचे आकडे आजही अस्वस्थ करतात. 611 मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या 389 पैकी 174 जणांना डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. ‘गरज नाही’ ठरलेली 215 मुलं दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली. त्यांनी 99 जणांना शस्त्रक्रिया सुचवली. राहिलेली 116 तिसऱ्यांनी पाहिली आणि आणखी 51 निवडली. हजारातली सुटली फक्त 65.

म्हणजे दर फेरीला साधारण पंचेचाळीस टक्के मुलं आजारी ठरत होती, मग आधीच्या डॉक्टरांनी त्यांना निरोगी म्हटलेलं असो!

या घाईला त्या काळच्या वैद्यकशास्त्राचा आधार होता. शरीरात एका जागी दडलेला जंतुसंसर्ग सांधे, हृदय, मूत्रपिंडापर्यंत रोग पसरवतो, असा सिद्धांत शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज आणि इतरांनी मांडला होता. दात आणि टॉन्सिल हे त्यातले पहिले संशयित. मुलांचे टॉन्सिल मुळातच मोठे असतात आणि वयाबरोबर लहान होतात, हे मात्र मागे पडलं. आईबापांनी विश्वासाने मुलं टेबलावर झोपवली. त्यातली काही भूल किंवा रक्तस्रावाने दगावली.

इंग्लंडमध्ये जे. अ‍ॅलिसन ग्लोव्हर यांनी 1938 मध्ये शाळकरी मुलांच्या नोंदी मांडल्या. शेजारशेजारच्या भागांत शस्त्रक्रियांचं प्रमाण कित्येक पटींनी वेगळं होतं, आणि सुखवस्तू घरांतल्या मुलांवर त्या जास्त होत होत्या. हॉर्नसीमध्ये 1928 साली 186 मुलांचे टॉन्सिल काढले गेले. शाळांचा वैद्यकीय अधिकारी बदलला आणि पुढच्या वर्षी हा आकडा 12 वर आला. मुलांचे घसे एका वर्षात बदलले नव्हते, बदलला होता निर्णय घेणारा माणूस.

तरीही प्रथा टिकली. 1970 च्या सुमारास अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये जॉन वेनबर्ग यांना तेच चित्र दिसलं: स्टो गावात पंधरा वर्षांपर्यंतच्या सुमारे 70 टक्के मुलांचे टॉन्सिल निघत, शेजारच्या वॉटरबरीत 20 टक्के. हे आकडे तिथल्या डॉक्टरांपुढे ठेवले गेले, त्यांनी आपले निर्णय पुन्हा तपासले आणि शस्त्रक्रिया झपाट्याने घटल्या.

आज वारंवार घसादुखीसाठी टॉन्सिल काढायचे, तर वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं पाच-पाच वेळा, किंवा तीन वर्षं तीन-तीन वेळा तसा त्रास नोंदलेला असावा, असा निकष मानला जातो. मुलाला शस्त्रक्रिया सुचवली गेली, तर पालकांनी डॉक्टरांना ही नोंद जरूर विचारावी.