मृगाच्या आधी

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा आम्ही इकडं घाटाखाली टीव्हीसमोर बसून माडाची झाडं मोडताना पाहत होतो. नातवानं विचारलं, "आबाजी, आपल्याकडं येते का हो असं?" मी म्हणालो, "समुद्र इथून चारशे किलोमीटरच्या वर हाये. इथं काऊन येईन?" दुसऱ्या दिवशी त्या वादळाचा उरलासुरला भाग पश्चिम विदर्भावरूनच मध्य प्रदेशाकडं सरकला. इकडं येईतो त्याचा दम सरला होता, पण मी नातवाला चुकीचं सांगितलं होतं खरं.

त्या दिवशी आजी आठवली. तिनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण वादळाची तयारी तिच्यासारखी केलेली मी दुसरी कोणाची पाहिली नाही.

आमच्याकडं वादळ म्हणत नाहीत, वारा-वावधन म्हणतात. एकीकडं सातपुडा, दुसरीकडं अजिंठ्याचा डोंगर अन् मधी पूर्णेचं सपाट खोरं. वैशाख-जेठात पारा पंचेचाळीसला टेकतो. जमीन तव्यासारखी तापलेली असताना दमट हवा आली की दुपारून ढग माजतात. मग त्या ढगातून पावसासोबत गार हवा खाली कोसळते अन् जमिनीवर आपटून चहूकडं सुटते. समुद्रातलं वादळ दोन-चार दिवस आधी कळतं. हे अर्ध्या तासात येतं अन् पाऊण तासात जातं. म्हणून आजीची तयारी एका दिवसाची नव्हती, महिनाभराची होती.

तिचा महिना आखाजीपासून सुरू व्हायचा. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचं गाव आहे. तिथं अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोल रिंगणात अठरा धान्यं, मधी खड्डा, खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, अन् घागरीवर पुरी, पापड, कुरडई, सांडई. रात्रभर तिकडं कोणी जात नाही. पहाटे घटात काय हललं, काय भिजलं, ते पाहून वाघ घराण्यातले महाराज पावसापाण्याचं भाकीत सांगतात. चंद्रभान महाराजांनी सुरू केलेली ही रीत साडेतीनशे वर्षांची सांगतात. विज्ञानाच्या कसोटीला ते भाकीत उतरत नाही असं म्हणणारे आहेत, अन् त्यांचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. पण आजीचा हिशेब वेगळा होता. भेंडवळहून माणूस परत आला की ती पाऊस किती हे विचारायचीच नाही. म्हणायची, "सांगतीन ते सांगतीन. आपलं धाबं आपल्यालेच पाह्य लागते."

धाब्याचं घर आता तरुण पोरांनी पाहिलेलं नसतं. सागाचे सरे, त्यावर आडवी लाकडं, त्यावर निंबाचा पाला अन् तुराट्या, अन् सगळ्यावर हातभर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात त्या मातीला भेगा पडत. मृगाच्या आधी खारी माती आणून वर पसरायची, धुम्मस करून बसवायची, पनाळं मोकळी करायची. माती आजी अन् माय डोक्यावर वाहत. सरपण, गवऱ्या, पऱ्हाट्या ओसरीच्या आत येत. कुटार कोठ्यात दाबलं जाई. पंधरा दिवसांचं पीठ जात्यावर दळून ठेवलेलं असे. कंदिलाच्या काचा राखेनं पुसून, वाती कातरून, रॉकेलची बाटली देवळीत उंचावर. माचिस मात्र ती ज्वारीच्या कोठीत खुपसून ठेवायची. पावसाळ्यात तेवढी एकच जागा कोरडी, असं तिचं म्हणणं.

१९८९ साली मी ओसरीवरचं धाबं काढून टिन टाकलं. दरसाल माती वाहून मायची कंबर गेली होती. धाबं गळलं की रात्रभर भांडी मांडत बसावं लागे. टिन म्हणजे मला सुख वाटलं. आजी एवढंच म्हणाली, "माती गळते बापू, टिन उडते. गळलेलं घर लिंपता येते, उडालेलं कुठून आनशीन?" मी हसलो. वर पैसे वाचवायला हूक-बोल्टाऐवजी नुसते खिळे मारून घेतले अन् टिनावर मोठमोठे गोटे ठेवले.

१९९१ चा जून. मृगाला चार दिवस होते. माझी मोठी मुलगी पाच महिन्यांची. ओसरीत हवा लागते म्हणून तिचा झोका टिनाच्या लोखंडी पायपाला बांधलेला. त्या दिवशी दुपारपासून वारं पार पडलं होतं. चिमण्या धुळीत लोळत होत्या, बैल दावणीला फिरत होते. दिवेलागणीला आजी उठली अन् म्हणाली, "झोका सोड तिथला. माजघरात बांध."

"आजी, तिथं उकडते. पोरगी झोपन नाही."

"रडू दे एक रात."

मी उठलो नाही. तिनंच चाचपडत गाठ सोडली, लेकराला उचललं अन् माजघरातल्या सऱ्याला दोर टाकला.

रात्री नऊच्या सुमारास वावधन आलं. समोरचं दार उघडं राहिलं होतं. वारा ओसरीत शिरला की बाहेर पडायला जागा शोधतो. त्यानं खालून टिन ढकललं. वरून जाणारा जोराचा वारा छत वर ओढतच असतो. दोन्ही मिळून खिळे दाण्यासारखे उपटले गेले. सहा टिनं अन् तो पाइप अंधारात निघून गेले. वरचा एक गोटा खाली आला अन् झोका होता नेमक्या त्या जागी फरशी फोडून बसला. मागच्या धाब्यातून दोन-तीन ठिकाणी पाणी गळत होतं. मुलगी झोपली होती.

सकाळी पाइप दोन घरं ओलांडून चिंचेच्या बुडाशी सापडला. आजी मला काही बोलली नाही. चूल पेटवून तिनं चहा मांडला. मला ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

गावात आठ दिवस लाइन नव्हती. पण घर अडलं नाही, कारण आजीनं विजेवर कधी विश्वास टाकलाच नव्हता. महाराष्ट्रात वीज मंडळ १९६० साली झालं. आमच्या गावात खांब आले तेव्हा मी तिसरीत होतो. बल्ब लागला तरी तिनं कंदील खुंटीवरून काढला नाही. ती गेल्यावर आम्ही तो भंगारात दिला, जातं अंगणात पायरीला लावलं. पुढं २००५ च्या सुमारास विजेची मोठी तूट पडली अन् खेड्यांत दहा-दहा, बारा-बारा तासांचं भारनियमन आलं. संध्याकाळी शेतातल्या मोटारी बंद ठेवायच्या, म्हणजे घरात दिवा मिळेल, अशी 'अक्षय प्रकाश' योजना निघाली ती तेव्हाच. औषधाच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पुन्हा चिमण्या झाल्या. झोक्यातल्या त्याच मुलीनं दहावीचा अभ्यास चिमणीवर केला. मग भारनियमन उतरलं, रेशनचं रॉकेल बंद झालं, इन्व्हर्टर आला, अन् आम्ही दुसऱ्यांदा विसरलो.

विसरल्याची किंमत २२ जुलै २०२३ ला कळली. त्या दिवशी जळगाव जामोद अन् संग्रामपूर तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस झाला, नाले गावांत शिरले. आमची लाइन तीन दिवस गेली. इन्व्हर्टर पहिल्या रात्रीच बसला. मोबाइल मेले. चक्की बंद, अन् घरात दोन दिवसांचं पीठ. सगळ्यात मोठी अडचण पाण्याची. आमचा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. पिण्याचं गोडं पाणी वान धरणावरच्या योजनेतून येतं, अन् ते टाकीत चढायला वीजच लागते. या पट्ट्यात मूत्रपिंडाचे रुग्ण बरेच. आमच्या गल्लीतच दोन. बाहेर गुडघाभर पाणी अन् घरात त्यांना द्यायला चांगलं पाणी नाही. शेजारच्या काकूंकडं जुना रांजण भरलेला होता. त्यावर चार घरं निघाली. पूर्वी लाइन गेली की दिवा जायचा. आता पाणी, पीठ अन् निरोप, तिन्ही जातात.

तेव्हापासून आमच्या घरी जूनच्या पहिल्या आठवड्यात कामं ठरलेली. गोड्या पाण्याचे दोन ड्रम भरून झाकायचे, दर आठवड्याला बदलायचे. पंधरा दिवसांचं पीठ, महिनाभराची औषधं. बॅटरीत पाणी, दोन टॉर्च खुंटीला. गोठ्याच्या टिनाला हूक-बोल्ट, अन् पायपापासून खांबापर्यंत तारेचा ताण. वर गोटा एकही नाही. आभाळ भरलं की वाऱ्याकडची दारं-खिडक्या लावायच्या. झाडाखाली ढोर बांधायचं नाही, पडलेल्या तारेला हात लावायचा नाही. विजेचा इशारा आता 'दामिनी' ॲपवर येतो, तो मी पाहतो. चिमण्या धुळीत लोळतात का, तेही पाहतो.

गावाच्या दप्तरात कोणत्या साली शाळा झाली, कोणत्या साली खांब आले, हे सापडतं. माती कोणी वाहिली, काचा कोणी पुसल्या, झोका कोणी सोडला, हे त्यात नाही. म्हणून इथं लिहून ठेवलं.

ओसरीवर आता स्लॅब आहे. मागची दोन खणं धाब्याचीच ठेवली आहेत. दरसाल माती मी टाकतो. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा झोका कुठं बांधायचा हे तिला विचारावं लागलं नाही. माजघरातल्या त्याच सऱ्याला मी आधीच दोर टाकून ठेवला होता.