आपल्या दिंडीची गाडी

दिंडीच्या इतिहासात विणेकऱ्यांची, चोपदारांची, कीर्तनकारांची नावं येतात. सामानाच्या गाडीची हकीकत कुणी लिहीत नाही. पण ज्या संध्याकाळी गाडी तळावर पोचत नाही, त्या संध्याकाळी ती सगळ्यांना आठवते. म्हणून या अंकात तिच्यासाठी जागा मागून घेतली. यात आमची एक मोठी चूकही आहे, तीही लिहितो.

आमच्या आज्यांच्या काळी शिधा, काहिली आणि राहुट्या बैलगाड्यांतून जात. दिवे घाट आला की दुसरी बैलजोडी पुढे जोडायची. मग ट्रक आले. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज बेंझ गाड्या तयार होऊ लागल्या. १९६९ ला जर्मन कंपनीशी करार संपला, तोंडावरची चांदणी गेली, तरी आमच्याकडचे म्हातारे कित्येक वर्षं टाटाच्या ट्रकला ‘बेंज’च म्हणत. दिंडीने पुष्कळ वर्षं अशा गाड्या भाड्यानं घेतल्या. पण आषाढीच्या तोंडावर भाडं वाढायचं. एका वर्षी तर ठरलेला मालक आदल्या रात्री ‘दुसरं भाडं लागलं’ म्हणून मोकळा झाला. तेव्हा ठरलं, आपली गाडी घ्यायची. नवी परवडत नव्हती, जुनीच बघायची.

पैसे गावानं दिले. कुणी कांद्याची पट्टी आली तशी आणून दिली, बायांनी भिशी मोडली. आणि आम्ही पाच जण गाडी बघायला गेलो ते दुपारी बारा वाजता, जेवून. ताजा रंग, नवी ताडपत्री, कपाळावर विठोबाचं चित्र. चित्र बघूनच आमचे हात जोडले गेले. इंजिन आधीच सुरू होतं, गाडी सपाट रस्त्यावर एक फेरी मारून आली, आम्ही इसार दिला.

त्या साली पुण्याहून सासवडची वाट. एकादशीचा दिवस, सगळ्यांत लांब चाल. गाडी पहाटेच पुढे सोडली होती. घाटाच्या निम्म्यात क्लच प्लेट जळाली. टोचन करून गाडी वर यायला रात्र झाली. दोनशे माणसं सासवडला पावसात उभी. उपासाचा फराळ गाडीत, तंबू गाडीत, वळकट्याही गाडीत. शेजारच्या दिंडीनं म्हाताऱ्याकोताऱ्यांना राहुटीत घेतलं, बाकीच्यांनी दुकानांच्या पायऱ्यांवर रात्र काढली. गावी परतल्यावर मिस्त्रीनं गाडीखाली शिरून बघितलं, तर चासीला दोन ठिकाणी वेल्डिंग आणि त्यावर ताजा रंग. ती गाडी आधी खडी ओढत होती.

गाडी मिळेल त्या भावात विकली. दुसऱ्या गाडीसाठी पुन्हा मागायला गेलो तर एक आजी देवळात सगळ्यांदेखत म्हणाल्या, “आदी काय बघितलं नव्हतं ते सांगा, मंग मागा.” आम्ही सांगितलं. सांगताना मान वर होत नव्हती.

या खेपेला मिस्त्रीनानांना पुढे घातलं. नाना माळकरी नव्हते, पण गाडी कळणारा माणूस. पहिली गोष्ट, ते पहाटे पाचला निघाले. पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवला. गरम लागला की तिथूनच परत. मालकानं गाडी आधीच तापवून ठेवली असेल, तर थंडीत ती कशी उठते ते कळत नाही. इंजिन सुरू झालं की ते ऑइल टाकायचं झाकण काढायचे. तिथून धुराचा जोर असला तर पिस्टन-रिंगा गेल्या, इंजिन बांधायला आलं. मग गाडीखाली पोतं टाकून चासी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाचपायचे. पाटे मोजायचे. हवेचा ब्रेक असेल तर टाकी भरून इंजिन बंद करायचं, काटा किती खाली उतरतो बघायचं आणि कान लावायचा.

आणि वजन. गाडीच्या नावातच माप असतं हे आम्हाला नानांनी शिकवलं. टाटा १२१० म्हणजे गाडीसकट भरून बारा टन, ताकद शंभर घोड्यांच्या आसपास. ४०७ म्हणजे सगळं मिळून चार टन. आमच्यातले काही जण ४०७ वर अडून बसले होते, डिझेल कमी लागतं म्हणून. नाना म्हणाले, “पाण्याची टाकी धरली का? हजार लिटर म्हणजे एक टन. आणि तंबू भिजल्यावर किती भरतो, ते उचलणाऱ्याला इचारा.” वारीत गाडी पळवायची नसते, गर्दीतून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकवायची असते. म्हणून रेडिएटर आणि क्लच आधी, वेग शेवटी.

तीन महिन्यांत अकरा गाड्या बघितल्या. घेतली ती कांदा वाहणारी १२१०. रंग उडालेला, फाळका वाकडा, सीटमधून काथ्या निघालेला. मालकाला म्हटलं, भरून चढावर न्यायची. तो लगेच हो म्हणाला, हमालीही त्यानंच दिली. पहिल्या गाडीपेक्षा महाग पडली. देवळात त्यावरून आवाज चढले. आमच्यातले दोघे तर त्या वर्षी रुसून वारीला आले नाहीत.

कागदही नानांनीच बघितले. चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली आणि उमटलेले आकडे आरसी बुकाशी ताडले. मालकाचं कर्ज फिटलेलं होतं, पण आरसीवर बोजा तसाच होता. फॉर्म ३५ वर फायनान्सवाल्याची सही येईपर्यंत पैसे दिले नाहीत. मग २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून गाडी दिंडीच्या नावावर झाली.

या गाडीचं दुखणं वेगळंच निघालं. महिनाभर काम, अकरा महिने उभी. बॅटरी उतरते, ब्रेकची रबरं वाळतात, डिझेलच्या टाकीत पाणी साचतं. नानांनी घातलेला नेम आजही चालू आहे. दर एकादशीला गाडी देवळापासून फाट्यापर्यंत नेऊन आणायची. नाना गेले त्या आठवड्यातही एकादशी आली होती. त्यांच्या मुलानं गाडी काढली.

आता तीही थकली. पासिंगला दर वर्षी काहीतरी निघतं, सुटे भाग शोधावे लागतात. तिसरी गाडी बघायची आहे, जुनीच. पौषातल्या पहिल्या रविवारी निघू. ज्यांना यायचं असेल त्यांनी पहाटे पाचला देवळापाशी यावं, इंजिन गार आहे तोवर पोचायचं आहे.