१७८३ चं वलय

गेल्या सप्टेंबरात आमच्या घरामागचा एक स्प्रूस वाऱ्यानं आडवा झाला. अलास्कातल्या फेअरबँक्सला राहायला आल्यापासून ही झाडं रोजच डोळ्यांसमोर आहेत, पण त्यांच्याकडे नीट बघितलं ते त्या दिवशी. शेजाऱ्यानं करवतीनं ओंडके पाडून दिले आणि लेकीनं त्यातल्या एका चकतीवरची वलयं टाचणीनं मोजायला घेतली. शंभराच्या पुढे गेल्यावर तिचे डोळे दुखायला लागले. तिनं विचारलं, "बाबा, यातलं दुष्काळाचं वर्ष कुठलं ते ओळखता येतं?"

प्रश्न आमच्या घरातलाच होता. माझी आजी साल कधी आकड्यात सांगत नसे. कुणाचा जन्म 'प्लेगात', कुणाचं लग्न 'दुष्काळाच्या आदल्या वर्षी'. दख्खनमधला दुर्गादेवीचा दुष्काळ सहाशे वर्षं लोकांच्या बोलण्यात राहिला, पण तो नेमका कोणत्या साली पडला हे सांगताना अभ्यासकही चाचरतात. आठवण पक्की असते, साल निसटतं. उत्तरेकडच्या या झाडाचं नेमकं उलट असतं: साल पक्कं असतं, पण त्या साली माणसांचं काय झालं हे त्याला सांगता येत नाही. या दोन साक्षी एकमेकींना भेटल्या, त्याची ही गोष्ट.

पांढरा स्प्रूस, शास्त्रीय नावानं 'पिसिया ग्लॉका', न्यूफाउंडलंडपासून अलास्कापर्यंत पसरलेला आहे. हिवाळ्यात पारा शून्याखाली चाळीस-पन्नासवर गेला तरी तो टिकतो. नदीकाठच्या नव्या गाळावर आधी विलो आणि आल्डर येतात, मग बाल्सम पॉपलर, आणि त्यांच्या सावलीत सावकाश वाढणारा स्प्रूस शेवटी सगळ्यांच्या वर डोकं काढतो. त्याला वाढायला वर्षाचे मोजके आठवडे मिळतात. सुरुवातीच्या उन्हाळ्यात मोठ्या, पातळ भिंतींच्या पेशी तयार होतात. तो वलयाचा फिकट भाग. उन्हाळा सरताना पेशी लहान होतात आणि त्यांच्या भिंती जाड होतात. तो गडद भाग. भिंती जाड व्हायला शेवटच्या आठवड्यांत ऊब लागते. ती मिळाली नाही तर गडद पट्टा हलका राहतो.

या वलयांचा इतिहासासाठी उपयोग करणारा इथला पहिला मोठा माणूस म्हणजे लुई गिडिंग्ज. तो फेअरबँक्सच्याच विद्यापीठात शिकला, इथल्या सोन्याच्या खाणकामावर नोकरीला होता, आणि पुढे वलयशास्त्राचे जनक ए. ई. डग्लस यांच्याकडे ॲरिझोनात शिकायला गेला. १९४० च्या सुमारास त्यानं कोबुक नदीचा काठ पालथा घातला. जिवंत झाडांचे नमुने घेतले, आणि जमिनीत गाडल्या गेलेल्या जुन्या इनुपियाक घरांच्या खांबांचेही. खांबाची बाहेरची वलयं जिवंत झाडाच्या आतल्या वलयांशी जुळवायची, त्याहून जुना खांब त्या खांबाशी जुळवायचा, असं करत त्यानं सुमारे हजार वर्षांची साखळी बांधली. ज्या लोकांचा लिखित इतिहास नव्हता, त्यांच्या घरांना सालं मिळाली.

आता दुसरी साक्ष. सुअर्ड द्वीपकल्पावरच्या कावेराक लोकांमध्ये पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी एक आपत्तीची कथा आहे. विल्यम ओक्विलक यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या अशा कथा लिहून ठेवल्या आणि १९७३ साली त्यांचं पुस्तक निघालं. त्यात 'उन्हाळा आला नाही' त्या वर्षाची हकीकत आहे. पक्षी नेहमीसारखे उत्तरेला परतले होते, दिवस उबदार झाले होते, आणि मग एकाएकी थंडी पडली. मासे नाहीत, शिकार नाही, साठवण करायला वेळच मिळाला नाही. त्या हिवाळ्यात वस्त्याच्या वस्त्या उपाशी मेल्या. थोडेच लोक वाचले. कथेत साल अर्थातच नव्हतं.

साल सापडलं ते झाडांत. गॉर्डन जेकोबी, कॅरन वर्कमन आणि रोझॅन डॅरिगो हे वायव्य अलास्कातल्या पांढऱ्या स्प्रूसच्या लाकडाची घनता तपासत होते. १७८३ च्या वलयाचा गडद पट्टा विलक्षण हलका निघाला. १९९९ साली त्यांनी मांडलं की कावेराकांची ती आपत्ती बहुधा याच वर्षाची, आणि तिचं कारण इथून हजारो किलोमीटरवरचं आइसलँड.

८ जून १७८३ रोजी आइसलँडमध्ये लाकीची भेग फुटली. सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या त्या भेगेतून आठ महिने लाव्हा वाहिला आणि अंदाजे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत गेला. विषारी गवत खाऊन गुरं-मेंढरं मेली, आणि त्यामागून आइसलँडची सुमारे पाचवा हिस्सा माणसं. युरोपवर कोरडं धुकं पसरलं. पॅरिसजवळ राहणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिननं त्याचा संबंध कडक हिवाळ्याशी जोडला आणि आइसलँडच्या ज्वालामुखीकडे बोट दाखवलं.

त्याच काळात उत्तर हिंदुस्थानात 'चालिसा' दुष्काळ पडला होता. या नावात मात्र साल आहे: विक्रम संवत १८४०, म्हणजे इसवी सन १७८३-८४. महादजी शिंदे वकील-इ-मुतलक झाले ते १७८४ साली, ते याच उजाडलेल्या मुलखात. उत्तरेकडची जमीन थंड पडली की मोसमी पाऊस दुबळा होतो, असं संगणकी प्रारूपं दाखवतात. पण त्या सुमारास एल निनोही होता, त्यामुळे चालिसाचं सगळं खापर लाकीवर फोडता येत नाही.

इथे गोष्ट संपली असती, पण एक गाठ उरली होती. घनतेवरून हिशेब केला तर १७८३ चा अख्खा उन्हाळाच गोठलेला दिसत होता. लाकी तर जूनमध्ये फुटला. मग मे महिन्यात थंडी कुठून आली? २०२१ साली ज्युली एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी त्या वलयातल्या पेशी एकेक करून मोजल्या. सुरुवातीच्या पेशी अगदी नेहमीसारख्या होत्या. शेवटच्या पेशींच्या भिंती मात्र पातळ, जणू काम अर्ध्यावर टाकून कारागीर उठून गेला. म्हणजे उन्हाळा आला होता, आणि अखेरीला एकदम तुटला. वलयाची रुंदी बघून तर यातलं काहीच कळत नाही.

आता कावेराकांची कथा पुन्हा वाचा. नाव 'उन्हाळा आला नाही', पण आतला तपशील काय? पक्षी आले होते, दिवस उबदार झाले होते, मग एकाएकी थंडी पडली. महिन्यांचा मेळ तंतोतंत बसतोच असं नाही, आणि कथा १७८३ चीच आहे हे शेवटी अनुमानच. तरीही उन्हाळा मध्येच तुटला ही गोष्ट आजोबांनी नातवाला दोनशे वर्षं सांगितली होती. विज्ञान तिथवर सूक्ष्मदर्शक घेऊन नंतर पोचलं.

आज या साक्षीदारालाच त्रास होतो आहे. फेअरबँक्सला वर्षाकाठी जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो, आपल्या माणदेशापेक्षाही कमी. व्हॅलरी बार्बर, ग्लेन जुडे आणि ब्रूस फिनी यांनी २००० साली दाखवलं की इथल्या कोरड्या उतारांवरचे स्प्रूस गरम उन्हाळ्यात जास्त नव्हे, कमी वाढतात. त्यांना थंडी नाही, तहान मारते आहे. ज्या जागी वलय बारीक म्हणजे थंडी असं वाचायची सवय होती, तिथे आता बारीक वलयाचा अर्थ उष्णताही असू शकतो. त्यामुळे जुनी वलयं वाचतानाही झाड कुठल्या उतारावर उभं होतं हे आधी विचारावं लागतं.

लेकीला मी सांगितलं, दुष्काळाचं वर्ष टाचणीनं नाही ओळखता येत. आमचं झाड १७८३ पर्यंत पोचतही नव्हतं. मग रविवारी पुण्याला फोन लावला आणि आत्याला विचारलं, आजी 'दुष्काळाच्या आदल्या वर्षी' म्हणायची तो दुष्काळ कुठला? आत्या तासभर बोलली. या वेळी लेकीनं वही घेऊन सगळं उतरवून काढलं. सालं नंतर जुळवता येतील.